नखाची परीक्षा

नव्या वस्तूवर पहिला ओरखडा पडेपर्यंत ती खऱ्या अर्थाने आपली होत नाही, असे आम्ही अनेक वर्षे मानीत आलो. दुकानातून आणलेली पितळेची कळशी पहिला पोचा आल्यावरच घरातल्या भांड्यांत मिसळते. नव्या वहीचा दरारा पहिल्या शाईच्या डागापर्यंतच टिकतो. आणि छत्रीची एक काडी वाकली की मग ती कोणालाही उसनी देता येते. ही विचारसरणी मोठी सोयीची आहे. तीत उणीव एवढीच की, कळशीला, वहीला आणि छत्रीला ती जशी लागू पडते तशी, जिचे हप्ते अजून चार वर्षे फेडावयाचे आहेत अशा मोटारीला ती लागू पडत नाही.

कारकुनाने मोटार बाळगावी काय, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी स्वतःला विचारला असेल. पूर्वी सरकार आपल्या नोकरांना मोटारीसाठी अग्रिम देत असे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ साली, तेही बंद झाले. आम्ही बँकेचे कर्ज काढले आणि २०२२ साली, नागपुरास असताना, रुपेरी रंगाची एक लहानशी मोटार घेतली. तिच्या क्रमांकाच्या पाटीवर कोणत्याही राज्याची अक्षरे नाहीत; तेथे फक्त 'बीएच' आहे. बदलीच्या नोकरांसाठी ही 'भारत' मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. त्याआधी राज्य बदलले की जुन्या राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र मिळवा, बारा महिन्यांच्या आत नव्या राज्यात नोंदणी करा, तेथला कर भरा आणि इकडचा कर परत मागण्यासाठी अर्ज करा, अशी यातायात असे. आता दर दोन वर्षांचा कर भरला की काम भागते. २०२४ साली आमची दिल्लीस बदली झाली तेव्हा शिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर आणि आग्रा अशी सुमारे अकराशे किलोमीटरची वाट तोडून ही मोटार आमच्याबरोबर आली, आणि तिची पाटी तशीच राहिली. वसाहतीच्या फाटकावरचा रखवालदार पहिले काही दिवस "ये कहाँ की गाड़ी है?" असे विचारी. ती कोठलीच नव्हती. कित्येक वर्षे परमुलखात काढल्यावर आम्हांलाही आमच्याविषयी कधी कधी तसेच वाटते.

आमची वसाहत दक्षिण दिल्लीत आहे. ती बांधली गेली त्या काळी कारकून सायकलीवरून कचेरीत जात असत, आणि गल्ल्या त्याच हिशेबाने आखलेल्या आहेत. आज त्याच गल्ल्यांत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या राहतात आणि मधून जी वाट उरते तिला वाट म्हणणे हे केवळ सौजन्य होय. २०२५ च्या जानेवारीतील एका सोमवारी सकाळी, धुके जरा विरल्यावर, आम्ही खाली उतरलो तो डाव्या बाजूच्या दोन्ही दरवाजांवरून एक पांढरी रेघ गेलेली दिसली. मागच्या दरवाजाच्या मध्यापासून पुढच्या दरवाजाच्या मुठीखालपर्यंत, सुमारे साडेतीन फूट लांब. लाल पेन्सिलीने मजकुराखाली ओढावी तशी सरळ.

आम्ही ती रेघ नीट पाहून घेण्यापूर्वीच तिचा निकाल लागला होता. वरच्या मजल्यावरील सेक्शन ऑफिसर साहेब गॅलरीतून खाली पाहत होते. ते म्हणाले, "भाईसाहब, ये उसी लड़के का काम है. हाथ में लोहे का कड़ा पहनता है." समोरच्या गृहस्थांनी दुजोरा दिला. तासाभरात रहिवासी संघाच्या सचिवांपर्यंत बातमी गेली आणि संध्याकाळी फाटकावर हुकूम पोहोचला की, संघाच्या सभेत निर्णय होईपर्यंत त्या मुलास आत सोडू नये. आम्ही तक्रार केली नव्हती. पण ज्याची मोटार त्याच्या नावाने प्रकरण उघडले जाते.

दिल्लीकर वाचकांस या मुलांची ओळख करून द्यावयास नको. पहाटे पाचाच्या सुमारास, थंडी असो वा उन्हाळा, एक बादली आणि खांद्यावर दोन फडकी घेऊन ते येतात आणि आपण चहा घेऊन होईपर्यंत गल्लीतील मोटारी पुसून जातात. हा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, पूर्व उत्तर प्रदेशातून आलेला. आमच्या वसाहतीत त्याच्याकडे चौदा मोटारी होत्या. मोटारीमागे महिना पाचशे रुपये. दुसऱ्या दिवशी तो फाटकाबाहेर उभा होता. आम्हांला पाहून म्हणाला, "साहब, मेरा हाथ नहीं लगा." एवढेच म्हणाला. सौभाग्यवती बरोबर होत्या. थोडे पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, महिन्याचे सात हजार रुपये म्हणजे त्याच्या घरचे सगळेच असेल. तुम्ही काही करणार आहात की नाही?"

आता, आम्ही पडलो कारकून. निर्णय घेणे हे आमचे काम नव्हे. परंतु निर्णय घेणाऱ्यांपुढे वस्तुस्थिती मांडणे हे आम्ही रोज करतो. त्या संध्याकाळी आम्ही मोजपट्टी आणि विजेरी घेऊन मोटारीपाशी बसलो. रेघेची जमिनीपासून उंची मागच्या टोकाशी अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर भरली आणि पुढच्या टोकाशी एक्याऐंशी. रेघ मागून सुरू झाली तेथे खोल होती आणि पुढे जाता जाता विरत गेली होती. माणूस उभा राहून पुसतो तेव्हा त्याचा हात खांद्याभोवती फिरतो. हातातल्या कड्याने खूण उठलीच तर ती कमानीसारखी उठेल आणि हातभर जाऊन थांबेल. साडेतीन फूट जवळजवळ एकाच उंचीवरून सरळ जाणारी रेघ हाताची नसते. ती चाकांवर चालणाऱ्या एखाद्या वस्तूची असते. बादलीचा तर प्रश्नच नव्हता. ती जमिनीवर ठेवली तर फूटभर आणि उचलली तरी गुडघ्याच्या थोडी वर.

येथवर आल्यावर मनुष्यस्वभावास धरून आम्ही पुढचा विचार सुरू केला: मग हे केले कोणी? त्या उंचीवर लोखंडाची कड असलेल्या, चाकांवरच्या कोणकोणत्या वस्तू आमच्या गल्लीतून जातात, याची यादी आम्ही मनात करू लागलो. भाजीची हातगाडी, जिला इकडे रेहडी म्हणतात. गॅसची नळकांडी पोहोचविणाऱ्याची तीनचाकी. घरोघर पुडकी वाटीत फिरणाऱ्या तरुणांच्या मोटारसायकली. कचरा नेणाऱ्या बाईची ढकलगाडी. यादी चार नावांपर्यंत आली आणि आम्ही थांबलो. तीत असे एकही नाव नव्हते की, ज्याच्या मागे फाटकावरचा तोच हुकूम लागला असता तर कोणाची चूल विझली नसती. एकास निर्दोष ठरविण्यापुरता पुरावा आमच्याजवळ होता. दुसऱ्यास दोषी ठरविण्यापुरता नव्हता. या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे, आणि ते अंतर घाईने ओलांडले जाते म्हणूनच जगातील कितीतरी यादी नको तितक्या लांबतात.

सभा फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी ठरली होती. दरम्यान मोटारीचेही काही करणे भाग होते. मोटारीच्या अंगावर जो रंग आपण पाहतो तो एक रंग नसून त्याचे थर असतात. पोलादाच्या पत्र्यावर प्रथम गंज रोखणारे अस्तर, त्यावर पृष्ठभाग सपाट करणारे दुसरे अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर काचेसारखे पारदर्शक रोगण. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः शंभर ते सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आमच्या टेबलावरील छपाईच्या कागदाची जाडीही सुमारे तेवढीच असते. ज्या चकाकीसाठी माणसे महिन्याचा पगार पणाला लावतात, ती सगळी एका कोऱ्या कागदाच्या जाडीची आहे, हे कळल्यावर आमच्या मनातील मोटारीविषयीचा आदर कमी झाला नाही, पण जिव्हाळा वाढला.

या थरांचा इतिहासही मनोरंजक आहे. प्रारंभीच्या मोटारींना घोडागाडीसारखेच कुंच्याने रोगण देत, आणि ते वाळून काम पुरे होण्यास आठवडेच्या आठवडे लागत. फोर्ड यांची प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात मिळे. १९२३ च्या सुमारास 'ड्यूको' नावाचे झटपट वाळणारे नवे रोगण अमेरिकेत मोटारींवर आले आणि मग रस्त्यांवर रंग दिसू लागले. पारदर्शक रोगणाचा वेगळा थर बहुतेक सर्व मोटारींवर येऊ लागला तो पुष्कळ पुढे, १९८० नंतरच्या काळात. तो थर आल्यापासून ओरखड्यांचा स्वभाव बदलला. रोगणापुरताच ओरखडा असला तरी त्याच्या कडांवरून प्रकाश विखुरतो आणि तो पांढराशुभ्र दिसतो. जखम किरकोळ, पण रडणे मोठे. उलट पत्र्यापर्यंत गेलेली टाचणीएवढी टिकली डोळ्यांत भरतही नाही, आणि तिच्यातून पाणी शिरून गंज आतल्या आत पसरतो.

म्हणून कोणताही ओरखडा दिसला की प्रथम दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली पाण्याची. ओरखड्यावर ओले बोट फिरवावे. तेवढ्यापुरती रेघ नाहीशी झाली तर ती रोगणापुरतीच आहे असे समजावे. दुसरी नखाची. नख रेघेवरून आडवे हलकेच न्यावे. ते अडखळले नाही तर घासून काम भागेल, अडखळले तर रंग भरावा लागेल. आमच्या साडेतीन फुटांपैकी जवळजवळ तीन फूट पाण्याखाली अदृश्य झाले. उरलेल्या अर्ध्या फुटात नख अडखळले. तेथे राखी रंगाचे अस्तर दिसत होते आणि दरवाजाच्या मुरडीवर मुगाएवढा उघडा पत्रा. मुंबईच्या खाऱ्या हवेत तेवढ्या जागेतून गंज लवकर डोके वर काढतो. दिल्लीच्या कोरड्या हवेत थोडी सवलत मिळते, पण हिवाळ्याचे दव येथेही असतेच.

कारखानदाराने दोन्ही दरवाजे पूर्ण रंगवावे लागतील असे सांगितले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. रुपेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते ज्या दिशेने पहुडतात त्यावर छटा ठरते. मध्येच ठिगळ दिले तर ते वेगळे दिसते. त्याने साडेआठ हजार रुपयांचा आकडा सांगितला आणि पाठोपाठ दिलासा दिला, "इन्शुरन्स में डाल दीजिए, आपका क्या जाता है?" काय जाते, ते आम्ही कागदावर मांडले. प्रत्येक दाव्यात एक हजार रुपये आपणांस सोसावेच लागतात. शिवाय, दावा न करणाऱ्यास विम्याच्या हप्त्यात, मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीपुरत्या भागावर, पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि शेवटी पन्नास टक्के अशी सूट चढत जाते. एक दावा केला की ती पुन्हा शून्यावर येते. आम्ही पंचवीसवर होतो आणि येत्या सप्टेंबरात पस्तीसवर चढणार होतो. बढतीची वाट पाहण्याचा अनुभव असलेल्या माणसास ही शिडी उतरणे जड जाते. आम्ही घरीच उपचार करण्याचे ठरविले.

मोटारीच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक तिच्या अंगावरील पट्टीवर दिलेला असतो. त्यावरून रंगाची लहान कुपी मागविली. थंडीत आणि दमट हवेत रंग नीट वाळत नाही, म्हणून फेब्रुवारीचा पहिला रविवार उघड्या उन्हाचा निघाला तो साधला. दरवाजे साबणपाण्याने धुतले, पुसले, स्पिरिटने तेलकटपणा काढला. उघड्या पत्र्यावर काडीच्या टोकाने प्रायमर लावले. ते वाळल्यावर रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर थांबून. आणि शेवटी रोगण. एकच जाड हात दिला तर कडेला ओघळ साचतो. चार-पाच दिवस तसेच ठेवून मग दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून भरलेली जागा अलगद सपाट केली आणि सगळ्या रेघेवर रबिंग कंपाउंड लावून घासले. घासताना मूळ रोगणही थोडे झिजते, आणि ते सगळे मिळून चाळीस-पन्नास मायक्रॉनच असते. म्हणून थोडे घासावे, पुसून पाहावे, आणि समाधान व्हायच्या थोडे आधी थांबावे. तीन पावलांवरून आता रेघ दिसत नाही. एका पावलावरून, कोठे पाहावयाचे हे ठाऊक असेल तर, दिसते.

ही घासपूस सभेच्या आदल्या दिवशी संपली, आणि त्याच वेळी आम्हांला एक निराळीच गोष्ट दिसली. ऊन तिरपे झाले होते. घासलेली जागा आरशासारखी लखलखत होती आणि तिच्याभोवतीचा सगळा दरवाजा बारीक, गोल, एकमेकांत गुंतलेल्या ओरखड्यांनी भरलेला होता. कोळ्याचे जाळे असावे तसा. पुढचे टपही तसेच, छतही तसेच. शेजारच्या मोटारी पाहिल्या, त्याही तशाच. त्या कमानी होत्या. खांद्याभोवती फिरणाऱ्या हाताच्या कमानी.

कारण उघड होते. दिल्लीच्या धुळीत वाळू असते, वाळूत गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटीचा कठीणपणा मोह्ज यांच्या दहा अंकी मापावर सात भरतो. मोटारीचे रोगण तिच्यापुढे मेणासारखे. चौदा मोटारींना एकच बादली पाणी पुरविले की तिसऱ्या मोटारीपासून ते पाणी नसून पातळ वाळू असते, आणि ओले फडके त्या वाळूने रोज सकाळी प्रत्येक मोटार घासून काढते. ज्या एका ओरखड्यासाठी त्या मुलास फाटकाबाहेर उभे केले होते तो त्याचा नव्हता. आणि जे हजारो ओरखडे त्याच्या हातून पडत होते त्यांची तक्रार कोणी कधी केलीच नव्हती. आम्ही सर्वजण त्याबद्दल त्याला दरमहा पाचशे रुपये देत होतो आणि गाडी चकचकीत आहे म्हणून समाधान मानीत होतो.

त्या रात्री आम्हांला झोप लवकर आली नाही. दुसऱ्या दिवशी सभेत आम्ही काय सांगावे? आमचा सारा युक्तिवाद कमानींवर उभा होता. कोणी उलट विचारले असते की, बरे, मग त्याच्या हाताच्या कमानी आहेत कोठे, तर बोट दाखविण्यास दूर जावे लागले नसते. आणि एकदा ते दिसले की, ते मोटारी पुसण्याच्या रीतीचे आणि पाण्याच्या टंचाईचे फळ आहे, हे ऐकण्यास कोण थांबणार होते?

सभेत दहा-बारा जण होते. आम्ही उंचीचे आकडे सांगितले, रेघेची लांबी सांगितली, हात आणि चाक यांतील फरक सांगितला, आणि हे त्या मुलाचे काम नव्हे असा अभिप्राय दिला. वरच्या मजल्यावरील साहेबांनी पुष्कळ वेळ विचार केला. मग त्यांनी विचारले, "और कुछ?" विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि न विचारलेल्याचे देऊ नये, हा कचेरीतील जुना नियम आम्ही आयुष्यात इतक्या मनापासून क्वचितच पाळला असेल. प्रस्तुत प्रकरणी इतकेच, असे आम्ही सांगितले. सचिवांनी हुकूम मागे घेतला. फाटकावर एक वही ठेवण्याचे ठरले. सरकारी वसाहतीत सभा झाली आणि नवी वही निघाली नाही असे होत नाही.

सोमवारी पहाटे तो आला. आम्ही त्यास उन्हे वर येईपर्यंत थांबवून घेतले आणि दरवाजावरचे ते जाळे दाखविले. प्रथम तो घाबरला. नव्या आरोपाची सुरुवात असे त्यास वाटले असावे. सौभाग्यवतींनी घरातून दुसरी बादली आणून त्याच्यापुढे ठेवली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली. आधी नुसते पाणी ओतून धूळ ओघळू द्यावी. मग एका बादलीत फडके खंगाळावे आणि दुसऱ्या बादलीतील स्वच्छ पाण्यात बुडवून पुसावे. कोरड्या धुळीवर फडके कधी फिरवू नये. त्याने ऐकून घेतले, आणि आमच्या ध्यानात न आलेली गोष्ट त्याने सांगितली: "साहब, पानी तो एक ही घंटा आता है."

खरेच, खालच्या नळास पहाटे एकच तास पाणी असते. दोन बादल्यांच्या रीतीने त्या तासात त्याच्या नऊ मोटारी होतात, पाच राहतात. त्यावर त्याने स्वतःच तोड काढली आहे. चौदा मोटारींच्या पाळ्या लावल्या आहेत. ज्यांची पाळी असेल त्यांना दोन बादल्या, बाकीच्यांना जुनीच रीत. कोणास काही सांगितलेले नाही. आमची मोटार मंगळवारी आणि शनिवारी जुन्या रीतीत येते. त्या दिवशी तिच्यावर ते जाळे थोडे अधिक विणले जाते, आणि आम्ही खिडकीतून ते पाहून चहा पितो.